सेन्सॉरने जपून ठेवलेली नाटकं

सिनॉप्सिसच्या मथळ्यात ‘अठराव्या शतकातील इंग्रजी नाटक’ असे शब्द घातलेत की आरआरसीसमोर पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुमचा प्रायमरी सोर्स कोणता? बहुतेक जण छापील नाटकाचं नाव सांगून मोकळे होतात. गोल्डस्मिथचं ‘शी स्टूप्स टू काँकर’, शेरिडनचं ‘द स्कूल फॉर स्कँडल’, जे बीए-एमएला वाचलेलं असतं तेच. उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे. पुस्तकात छापलेलं नाटक आणि पहिल्या रात्री रंगमंचावर झालेलं नाटक या दोन वेगळ्या गोष्टी. आणि १७३७ नंतरच्या इंग्लंडमध्ये या दोन्हींच्या जोडीला तिसरी एक प्रत असते, ती म्हणजे सेन्सॉरला दाखवलेली प्रत. तुमचा विषय या काळातला असेल तर या तिसऱ्या प्रतीशी ओळख करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आधी ही प्रत आली कुठून ते बघू. १७३० च्या दशकात हेन्री फील्डिंग लंडनमध्ये एकामागून एक राजकीय प्रहसनं करत होता आणि त्यांचा नेम पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोलवर होता. वॉलपोलने १७३७ मध्ये लायसन्सिंग अ‍ॅक्ट आणला. निमित्त म्हणून ‘द गोल्डन रम्प’ नावाच्या एका अश्लील फार्सचा हवाला दिला गेला. त्या फार्सची संहिता आज उपलब्ध नाही आणि ती वॉलपोलनेच मुद्दाम लिहवून घेतली असावी, असा संशय जुना आहे. कायदा मात्र खरा होता आणि कडकही. नवीन नाटक, जुन्या नाटकात घातलेली भर, प्रोलॉग, एपिलॉग, सगळ्याची प्रत प्रयोगाच्या किमान १४ दिवस आधी लॉर्ड चेंबरलेनकडे पाठवायची. परवान्याशिवाय प्रयोग केला तर ५० पौंड दंड.

एक बारकावा इथेच लक्षात ठेवा. कायदा प्रयोगावर होता, छपाईवर नव्हता. १७३९ मध्ये हेन्री ब्रुकच्या ‘गुस्ताव्हस व्हासा’ला परवाना नाकारला गेला, तर त्याने आगाऊ वर्गणी घेऊन ते पुस्तकरूपात छापलं. फील्डिंग नाटक सोडून कादंबरीकडे वळला आणि ‘जोसेफ अँड्र्यूज’, ‘टॉम जोन्स’ आली. म्हणजे ‘बंदी घातली म्हणून वाङ्मय संपलं’ असं सरळ वाक्य लिहिलंत, तर परीक्षक तिथेच पेन्सिलने खूण करतील.

आता मूळ मुद्दा. लॉर्ड चेंबरलेन स्वतः नाटकं वाचत नसे. ते काम ‘एक्झॅमिनर ऑफ प्लेज’ या अधिकाऱ्याचं. १७७८ पासून १८२४ पर्यंत, मरेपर्यंत, हे पद जॉन लार्पेंटकडे होतं. त्याच्याकडे आधीच्या परीक्षकांच्या काळातल्या प्रतीही होत्या. तो गेल्यावर हा सगळा ठेवा कार्यालयात न राहता खासगी हातांत गेला. विकत घेणाऱ्या दोघांपैकी एक होता जॉन पेन कॉलियर, जो पुढे शेक्सपिअरसंबंधी बनावट नोंदी घुसडल्याबद्दल कुप्रसिद्ध झाला. अखेर १९१७ मध्ये अमेरिकन धनिक हेन्री हंटिंग्टनने हा संग्रह घेतला आणि आज तो कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन लायब्ररीत आहे. १७३७ ते १८२४ या काळातली सुमारे अडीच हजार नाटकं, बहुतांश हस्तलिखित. यातली कितीतरी कधी छापलीच गेली नाहीत. ज्यांनी नाटकावर पहारा ठेवला त्यांच्याच कपाटामुळे ती वाचली!

मजा अशी, की या संग्रहात तुम्ही ‘शी स्टूप्स टू काँकर’ हे नाव शोधत बसलात तर गोंधळाल. मार्च १७७३ मध्ये कोव्हेंट गार्डनला पहिला प्रयोग झाला, पण परवान्यासाठी गेलेल्या प्रतीवर नाव आहे ‘द नॉव्हेल’, आणि पोटशीर्षक ‘मिस्टेक्स ऑफ अ नाइट’. आज जगभर माहीत असलेलं नाव प्रत पाठवताना ठरलेलं नव्हतं. मला ही गोष्ट कळली तेव्हा आधी वाटलं, ठीक आहे, एक किस्सा. नंतर लक्षात आलं की हा किस्सा नसून पद्धतीचा प्रश्न आहे. सेन्सॉरची प्रत म्हणजे नाटकाचा एका विशिष्ट दिवशी काढलेला फोटो. त्यानंतर तालमी होतात, नट वाक्यं बदलतात, पहिल्या रात्री प्रेक्षक एखाद्या प्रसंगाला हुर्यो करतात आणि तो कापला जातो. मग छापताना लेखक पुन्हा हात फिरवतो. तेव्हा ‘मूळ संहिता’ हा शब्द थिसिसमध्ये वापरण्याआधी, मूळ म्हणजे कुठल्या दिवसाची, हे ठरवा.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. प्रतीवर परीक्षकाच्या खुणा दिसतात, ओळी खोडलेल्या दिसतात आणि आपण हरखून जातो: सापडली सेन्सॉरशिप! पण थांबा. ती ओळ परीक्षकाने खोडली, की थिएटरच्या मॅनेजरने प्रत पाठवण्याआधीच? अनुभवी मॅनेजरला काय चालणार नाही हे पाठ असायचं. लेखकालाही. जे वाक्य भीतीपोटी लिहिलंच गेलं नाही, त्याची खूण कुठल्याच कागदावर नसते. सेन्सॉरशिपचा मोठा भाग असा कागदाबाहेर घडतो. १८१० ते १८२० या काळात लंडनच्या रंगमंचावर ‘किंग लिअर’ झालं नाही, कारण गादीवरचा राजा तिसरा जॉर्ज वेडाच्या आजारात होता आणि वेड्या राजाचं नाटक करणं औचित्याला धरून नव्हतं. याचा पुरावा लार्पेंटच्या गठ्ठ्यात कुठे शोधणार? नाटक १७३७ च्या आधीचं, त्याला नव्या परवान्याची गरजच नव्हती.

म्हणून शेजारचे कागद लागतात. त्या काळची वर्तमानपत्रं, प्लेबिल, नटांच्या आठवणी, पत्रव्यवहार. लार्पेंटच्या बाबतीत आपलं नशीब चांगलं आहे. त्याची बायको अ‍ॅना अनेक वर्षं रोजनिशी लिहीत होती. त्या वह्याही हंटिंग्टनमध्येच आहेत. नवऱ्याकडे आलेली नाटकं ती वाचायची, मत द्यायची, इटालियन ऑपेराच्या संहिता तर मुख्यतः तीच बघायची. सरकारी कागदात तिचं पद नाही. ज्यांना स्त्रियांच्या इतिहासावर काम करायचंय त्यांनी या वाटेने जाऊन बघाच.

कायद्यातून पळवाटाही निघायच्या. १७४१ मध्ये गुडमन्स फील्ड्सच्या विनापरवाना थिएटरात प्रेक्षकांकडून ‘संगीताच्या जलशा’चे पैसे घेतले जायचे आणि मध्यंतरात नाटक ‘फुकट’ दाखवलं जायचं. अशाच एका ‘फुकट’ नाटकात, ‘रिचर्ड द थर्ड’मध्ये, डेव्हिड गॅरिकने लंडन जिंकलं.

१८२४ नंतरच्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत आहेत. लार्पेंटनंतर आलेला जॉर्ज कोलमन हा स्वतः नाटककार, तरुणपणी चावट लिहिणारा. परीक्षक झाल्यावर प्रेयसीला ‘एंजल’ म्हणणंही त्याला खटकू लागलं, कारण देवदूत ही धर्मग्रंथातली गोष्ट. १८३२ मध्ये संसदीय समितीने त्याला त्याच्याच जुन्या नाटकांतल्या शिव्यांबद्दल विचारलं, तेव्हा त्याच्या उत्तराचा अर्थ असा होता: तेव्हा मी लेखकाचं काम करत होतो, आता परीक्षकाचं करतो. विसाव्या शतकात परीक्षकांचे अहवाल आणि पत्रंही मिळतात, त्यामुळे काम सोपं होतं. शॉचं ‘मिसेस वॉरेन्स प्रोफेशन’ १८९३ चं, पण इंग्लंडमध्ये जाहीर प्रयोग व्हायला १९२५ उजाडलं. मधला १९०२ चा प्रयोग खासगी, सभासदांपुरता. ही व्यवस्था सप्टेंबर १९६८ मध्ये संपली.

आपल्याकडच्या सिनॉप्सिसमध्ये यापुढे हमखास एक उडी असते: ‘हाच कायदा ब्रिटिशांनी भारतात आणला’ आणि लगेच खाडिलकरांचं ‘कीचकवध’. जरा जपून. १८७६ चा ड्रॅमॅटिक परफॉर्मन्सेस अ‍ॅक्ट त्याच राजवटीचा असला तरी त्याचा मुख्य भर आक्षेपार्ह प्रयोगाला मनाई करण्यावर होता. लंडनसारखी, प्रत्येक नवं नाटक एकाच दरबारी अधिकाऱ्याकडे पाठवण्याची रचना त्यात नव्हती. ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं, प्रेक्षकांनी कीचकात कर्झन ओळखला, आणि बंदी आली १९१० मध्ये. म्हणजे तिथे कागदांचा क्रमच उलटा आहे: आधी प्रयोग, मग वर्तमानपत्रातली चर्चा, मग सरकारी फाइल. तुलना करायची तर या दोन क्रमांची करा. आणि करताना हेही विसरू नका की लंडनमधली परवान्याची पद्धत गेल्यानंतर चार वर्षांनी, १९७२ मध्ये, ‘सखाराम बाइंडर’ मुंबईत सेन्सॉरशी झगडत होतं.

प्रत्यक्ष सुरुवात कशी करायची? लार्पेंट संग्रहाची डुगल्ड मॅकमिलनने केलेली सूची १९३९ ची आहे, कालक्रमाने लावलेली. ती आधी बघा. एल. डब्ल्यू. कोनोली यांचं १९७६ चं पुस्तक याच विषयावर आहे. हस्तलिखितांचे स्कॅन ‘एटीन्थ सेंच्युरी ड्रामा’ या सशुल्क डेटाबेसमध्ये आहेत. तुमच्या विद्यापीठाकडे तो नसेल तर ग्रंथपालांना ट्रायल अ‍ॅक्सेस मागवता येईल का, हे विचारा. आणि ट्रायल मिळायच्या आधी कुठलं एकच नाटक उघडायचं ते ठरवून ठेवा, छापील प्रत शेजारी घेऊन.