नवा गेम अडखळतोय : दोष लॅपटॉपचा, सेटिंगचा की गेमचाच?



कॉलेजला जाणारी मुलं असलेल्या घरांत हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं : "लॅपटॉप बदलायला हवा, नवा गेम नीट चालत नाही." त्यावर आपलं उत्तरही ठरलेलं असतं : "अभ्यासाला चालतो ना? मग झालं तर!" मुलांना वाटतं, घरच्यांना यातलं काही कळत नाही. घरच्यांना वाटतं, हे पैसे उडवायचं निमित्त आहे. खरा प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही : गेम नेमका कशामुळे अडखळतोय? पन्नास-साठ हजारांचा निर्णय या उत्तरावर अवलंबून आहे. आणि हे उत्तर घरच्या घरी, वही-पेन घेऊन शोधता येतं. कसं ते आज पाहू.

एका सेकंदाचं गणित

आपण बोलतोय ते ॲक्शन रोल-प्लेइंग प्रकारच्या गेमबद्दल. यात खेळणारा एक पात्र होतो, त्याची कौशल्यं हळूहळू वाढवतो, मोठ्या जगात मोकळा फिरतो. लढाई मात्र त्या क्षणी, हाताच्या वेगावर होते. त्यामुळे चित्र अर्धा सेकंद थांबलं तरी डाव जातो.

पडद्यावरचं हलतं चित्र म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रं. प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० फ्रेमवर भागत असेल तर ३३.३. तेवढ्या वेळात दोन कामं व्हावी लागतात. प्रोसेसर हिशेब करतो : गर्दीतला कोण कुठे चालला, शत्रू आता काय करणार, गाडी कशाला धडकली. ग्राफिक्स चिप त्या हिशेबाचं चित्र रंगवते. एकाला उशीर झाला की दुसरा नुसता बसून राहतो.

इथे गणिताच्या शिक्षकांना एक छान उदाहरण मिळेल. सरासरी ६० फ्रेम दिसत असल्या तरी मधलीच एक फ्रेम २०० मिलिसेकंद घेऊ शकते. डोळ्यांना तो झटका लगेच जाणवतो, सरासरीत मात्र तो दडून जातो. म्हणून मूल म्हणतं "अडखळतोय" आणि आकडा म्हणतो "ठीक आहे". अशा वेळी दोघंही खरं बोलत असतात.

गेमच कच्चा असू शकतो का?

हो, आणि याचं गाजलेलं उदाहरण आहे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीचा 'सायबरपंक २०७७' तीनदा तारीख पुढे ढकलून अखेर १० डिसेंबर २०२० रोजी बाजारात आला. (हा गेम १८ वर्षांवरच्यांसाठी आहे, हे आधीच सांगून ठेवते. शाळेतल्या मुलांसाठी तो नाही.) जुन्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या यंत्रांवर तो इतका वाईट चालला की चारच दिवसांत कंपनीने जाहीर माफी मागितली आणि पैसे परत घेण्याचा मार्ग खुला केला. त्याच आठवड्यात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. तिथे तो परत आला जून २०२१ मध्ये.

कॉम्प्युटरवर तर आणखी वेगळीच गंमत झाली. खेळ जिथवर आला तिथली नोंद ठेवणारी सेव्ह फाइल ८ एमबीपेक्षा मोठी झाली की खराब व्हायची. खेळलेले सगळे तास पाण्यात! ही चूक कंपनीने त्याच महिन्यात १.०६ या अपडेटने दुरुस्त केली. आता विचार करा, त्या दोन आठवड्यांत एखाद्याने दुप्पट किमतीचा लॅपटॉप आणला असता तरी काय फरक पडला असता?

पुढे गेम सुधारत गेला आणि सप्टेंबर २०२३ मधल्या २.० या अपडेटनंतर त्याचं चांगलं नाव झालं. पण नाण्याची दुसरी बाजूही बघा. २०२० मध्ये किमान ८ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क पुरेल असं कंपनी म्हणत होती. २०२३ मध्ये किमान गरज १२ जीबी रॅम आणि एसएसडी अशी झाली. म्हणजे गेमचे दोष कमी झाले आणि लॅपटॉपकडून अपेक्षा वाढली. त्यामुळे "दोष गेमचाच" असं सरसकट म्हणूनही चालत नाही. तपासावंच लागतं.

तपासणी : एका वेळी एकच बदल

विज्ञानाच्या प्रयोगात आपण एकच चल बदलतो आणि बाकी सगळं तसंच ठेवतो. इथेही तेच करायचं. गेममधली एक जागा ठरवा, दर वेळी तिथेच दहा मिनिटं खेळा आणि फ्रेमचा आकडा वहीत लिहा. विंडोजमध्ये 'विंडोज' आणि 'जी' ही बटणं एकत्र दाबली की गेम बार उघडतो, त्यात हा आकडा दिसतो.

१) चार्जर लावा. बॅटरीवर असताना लॅपटॉप वीज वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो. चार्जर लावून फ्रेम वाढल्या तर विषय तिथेच संपला.

२) कोणती चिप काम करतेय ते बघा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात : प्रोसेसरमधलीच एक साधी आणि दुसरी वेगळी, ताकदीची. कधीकधी गेम साध्या चिपवरच सुरू होतो. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, मग ग्राफिक्स इथे जाऊन त्या गेमसाठी 'हाय परफॉर्मन्स' निवडा. चिपचा ड्रायव्हरही नवा करून घ्या. मोठा गेम आला की चिप बनवणाऱ्या कंपन्या बहुधा त्यासाठी सुधारित ड्रायव्हर देतात.

३) रिझोल्युशन कमी करा. १९२० × १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके, १२८० × ७२० म्हणजे सुमारे ९.२ लाख. रंगवायचं काम निम्म्याहून कमी झालं. फ्रेम भरपूर वाढल्या तर ग्राफिक्स चिप कमी पडत होती, तेव्हा सावल्या, प्रतिबिंबं अशा सेटिंग खाली आणा. आकडा जागचा हलला नाही तर अडथळा प्रोसेसरपाशी असण्याची शक्यता जास्त. मग गर्दीची सेटिंग कमी करून बघा, मागे उघडी असलेली ब्राउझरची पानं बंद करा.

४) पहिली दहा मिनिटं आणि नंतरची दहा मिनिटं यांची तुलना करा. सुरुवातीला छान आणि मग घसरण, असं असेल तर उष्णतेचा संशय घ्या. आतलं तापमान १०० अंशांच्या आसपास जाऊ लागलं की चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवर ठेवला की खालची हवेची वाट बंद होते. टेबलावर ठेवा, मागची बाजू थोडी उचला, जाळ्यांतली धूळ काढून घ्या. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तर हा प्रयोग आधी करावा.

५) त्याच जागेतून दुसऱ्यांदा जा. नव्या जागी पहिल्यांदा झटका बसतो आणि दुसऱ्या खेपेला बसत नाही, असं झालं तर बहुधा दोष गेमच्या तयारीत आहे. चित्र रंगवण्याच्या सूचनांना शेडर म्हणतात. गेमिंगच्या खास यंत्रात चिप ठरलेली असते, त्यामुळे शेडर आधीच तयार करून देता येतात. लॅपटॉप मात्र शंभर तऱ्हेचे, म्हणून ते तिथल्या तिथे तयार करावे लागतात. पाहुणे पानावर बसल्यावर कणीक मळायला घेतली तर पोळीला उशीर होणारच! चांगले बनवलेले गेम हे काम खेळ सुरू होण्याआधी उरकतात.

आणि गेम दर वेळी एकाच प्रसंगाला बंद पडत असेल, तर आधी गेमच्या फाइल तपासून घ्या. स्टीमवर त्याची सोय आहे. तरीही बंद पडला तर अपडेटची वाट पाहणं हाच उपाय.

तीन गोष्टी सांभाळा

पहिली, एकाच सेव्ह फाइलवर विसंबू नका. दोन-तीन वेगवेगळ्या ठेवा. सायबरपंकची गोष्ट आठवा.

दुसरी, "हे डाउनलोड करा, गेम पळायला लागेल" असं सांगणाऱ्या अनोळखी ठिकाणांपासून दूर राहा. अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं तर तिथेच थांबा. त्याच लॅपटॉपवर कॉलेजचे प्रकल्प असतात, गुणपत्रिका असतात, कधी आईवडिलांचे बँकेचे व्यवहारही असतात.

तिसरी, पैसे परत घेण्याची मुदत. स्टीमवर खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर पैसे परत मागता येतात. म्हणून वर दिलेल्या चाचण्या पहिल्या दोन तासांतच करा. आणि खरं सांगायचं तर नवा गेम पहिल्याच दिवशी घेण्याची घाई कशाला? दोन-तीन महिने थांबलं की बहुतेक मोठे दोष दुरुस्त झालेले असतात, अनेकदा किंमतही उतरते.

वहीचा निकाल

आता वही उघडा. चार्जर, चिप, सेटिंग, उष्णता हे सगळं पाहून झालं, गेमला बरीच अपडेट येऊन गेली, बाकीच्यांकडे तो नीट चालतो आणि तुमच्या लॅपटॉपवर सगळ्यात खालच्या सेटिंगलाही ३० फ्रेम मिळत नाहीत, तर मुलाचं म्हणणं खरं आहे. तरीही आधी दुकानात विचारा : रॅम वाढवता येईल का, एसएसडी बसवता येईल का? काही हजारांत काम होऊ शकतं. नवा घ्यायचाच झाला तर नुसतं ग्राफिक्स चिपचं नाव पाहू नका, ती किती वॅटवर चालते तेही विचारा. एकाच नावाची चिप पातळ लॅपटॉपमध्ये कमी विजेवर चालवतात आणि तिथे ती कमी काम देते.

शिक्षकांनी या आकड्यांचा आलेख वर्गात काढून घ्यावा : आडव्या अक्षावर मिनिटं, उभ्या अक्षावर फ्रेम. आलेख कुठे घसरला आणि का, हे मुलांनाच सांगू द्या. पालकांनी एवढंच करावं : पुढच्या वेळी "लॅपटॉप बदला" असं कानावर आलं की हो किंवा नाही म्हणण्याआधी "वही दाखव" म्हणावं, आणि मग शेजारी बसून ती मनापासून वाचावी.