ई-रिक्षात कारचा स्टिरिओ बसवताना
मैत्रिणींनो, गटाच्या जुन्या ई-रिक्षात आम्ही नव्या कारमधून काढलेला कंपनीचा स्टिरिओ बसवला. रिक्षात १२ व्होल्टच्या ४ बॅटऱ्या माळेसारख्या जोडलेल्या, म्हणजे एकूण ४८ व्होल्ट. स्टिरिओला लागतात १२च. म्हणून आम्ही एकाच बॅटरीवरून वायर काढली. गाणी झकास वाजली! पण ती एकटी जास्त उतरायची, आणि चार्जर तर चौघींना सारखाच करंट देतो. तिचं पोट कधी भरलंच नाही. शेवटी तीच आधी बसली, तिच्यापायी रिक्षाही.
आता चारही बॅटऱ्यांवरून कन्व्हर्टर घेतलाय, तो ४८चे १२ व्होल्ट करून देतो. बॅटरीजवळ फ्यूजही आहे. आणि हो, जुना सेट घेताना त्याचा कोड मागून घ्या. मूळ गाडीतून काढलेले कितीतरी सेट कोडशिवाय तोंडच उघडत नाहीत.