रंगाआधीचं काम

घरी केलेल्या जिगचा, म्हणजे शिशाचं डोकं ओतलेल्या गळाचा, रंग खडकावर आपटून उडाला की लोक रंगाला दोष देतात. माझ्या मते दोष बहुतेक वेळा खालच्या शिशाच्या तयारीत असतो. मसोलीत अंगणात जिग करायला बसलो की माझा सर्वांत जास्त वेळ घासण्यात जातो. साच्यात ओतलेलं शिसं लगेच गोठतं आणि जोडावर पातळ कड राहते. ती कानशीने काढायची, पॉलिश पेपर फिरवायचा, थिनरच्या फडक्याने पुसून घ्यायचं. शिशावरचा करडा थर तसाच ठेवला तर रंगाचे पापुद्रे निघतात.

मग पांढरा हात. उधाणाला डहाणूच्या खाडीतला गाळ ढवळून निघतो, तेव्हा मी पोपटी रंग निवडतो. तो थेट शिशावर दिला तर मळकट दिसतो, पांढऱ्यावर मात्र झळकतो. अष्टमीच्या सुमारास, भांगाला पाणी जरा निवळतं. त्या दिवसांसाठी बोय माशाचे रंग: हिरवट करडी पाठ, पांढरं पोट, मोठा काळा डोळा. हा डोळा काढताना मला खरा आनंद होतो. शेवटी इपॉक्सी. ती घट्ट होईपर्यंत जिग फिरवत राहायचं, नाहीतर ओघळ येतो. गळाचं नेढं रंग ओला असतानाच सुईने मोकळं करायचं. आत वाळलेल्या रंगाची धार तंगूस कापते.

गळावर केसांची बांधणी त्याहून नाजूक. आधी गळाच्या उघड्या दांडीवर दोऱ्याचे वेढे आणि गोंदाचा थेंब, मगच केस. जाड झुबका एकदम बांधला तर दोरा बाहेरचेच केस धरतो, आतले सुटून येतात. म्हणून चिमूटचिमूट बांधायचं, प्रत्येक चिमटीवर वेढे आवळायचे. परदेशी पद्धतीत हरणाच्या शेपटीचे केस लागतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्यांच्या वाटेला जाऊ नये. बकरीचे केस आणि गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं पाण्यात छान हलतात. वाकटीसारख्या माशाचे दात दोरा कापतात, म्हणून वेढ्यांवरही इपॉक्सी हवीच.

शिसं ३२७ अंशांना वितळतं आणि ते विषारी आहे. ते उघड्यावरच वितळवा, मुलांना लांब ठेवा. पावसाळ्यात साचा आधी तापवून कोरडा करा. ओलाव्यावर पडलेलं शिसं उसळून अंगावर येतं. आणि त्या कामाचं भांडं पुन्हा कधीही स्वयंपाकघरात नेऊ नका.