जुन्या गाडीचा प्लग : नंबर बघून घ्या



उसाच्या नोंदीसाठी गावोगाव फिरताना बांधावर उसाइतकीच गाडीचीही चर्चा निघते. बहुतेकांच्या घरी एखादी जुनी दुचाकी अजून चालती आहे. कुणाची राजदूत, कुणाची येझदी, कुणाची चेतक, तर कुणाची सीडी हंड्रेड. पाण्याच्या पाळीला, वैरणीला आणि गट ऑफिसला जायला तीच उपयोगी पडते. तक्रारही सगळीकडे सारखीच असते : "साहेब, किक मारून पाय दुखतो, गाडी मिसिंग करते, प्लग सारखा काळा पडतो." म्हणून या अंकात थोडे प्लगविषयी.

आधी एक खुलासा. ट्रॅक्टर डिझेलवर चालतो, त्यामुळे त्याला स्पार्क प्लग नसतो. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटते. पुढचे सर्व पेट्रोलच्या गाडीचे आहे.

गरम प्लग, थंड प्लग

प्लगचे काम ठिणगी पाडणे, हे सर्वांना ठाऊक आहे. पण इंजिनातली उष्णता हेडकडे वाहून नेणे हेही त्याचेच काम आहे. प्लगच्या आत पांढरे चिनी मातीचे नाक असते. लांब सरीत पाणी टोकाला पोचायला वेळ लागतो, आखूड सरीत लगेच पोचते. तसेच इथे आहे. नाक लांब असेल तर उष्णता हळू निघते आणि टोक तापलेले राहते, तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता लवकर निघते, तो थंड प्लग.

टोकाचे तापमान साधारण 450 अंशांच्या वर असले म्हणजे काजळी आपोआप जळते. त्याखाली राहिले तर प्लग काळा पडतो. उलट ते 850 अंशांच्या वर गेले तर ठिणगी पडण्याआधीच पेट्रोल पेटते, आणि पिस्टन वितळून त्याला भोकसुद्धा पडते.

आमच्या पाहण्यातील एक प्रकार सांगतो. एका सभासदाच्या जुन्या टू-स्ट्रोक गाडीचा प्लग आठ दिवसांनी काळा व्हायचा. कुणीतरी गरम प्लग बसवून दिला. काळे पडणे थांबले, गडी खूश झाला. पुढे उन्हाळ्यात मागे माणूस आणि दोन खताची पोती घेऊन निघाला, तर चढावर इंजिन बसले. पिस्टनला भोक! मूळ दोष होता पेट्रोलमध्ये अंदाजाने ओतलेल्या जादा ऑइलचा आणि मातीने बुजलेल्या एअर फिल्टरचा. फिल्टर धुऊन आणि ऑइल मापाने टाकून भागले असते, तिथे रिबोअरचा खर्च आला.

मोठा नंबर म्हणजे भारी प्लग नव्हे

येथे पुष्कळांची फसगत होते. एनजीके प्लगमध्ये आकडा मोठा तर प्लग थंड. चॅम्पियनमध्ये आकडा मोठा तर गरम. मायको कंपनीचे नाव 2008 साली बॉश झाले, हे आपणांस माहीत असेलच. त्या बॉश पद्धतीच्या जुन्या तीन आकडी नंबरात 225 हा 175 पेक्षा थंड असतो, पण नंतरच्या लहान नंबरात 7 हा 5 पेक्षा गरम असतो. म्हणून कंपनी बदलताना तोच आकडा मागू नका. गाडीच्या पुस्तकातला नंबर दाखवून जोडीचा प्लग मागा.

आट्यांची लांबीही तीच हवी. लांब प्लग पिस्टनवर आपटू शकतो, आखूड प्लगची ठिणगी आत पोचत नाही.

प्लगचा रंग काय सांगतो

1. कॉफीसारखा तपकिरी : सर्व ठीक.
2. कोरडा काळा : पेट्रोल जास्त, हवा कमी. फिल्टर व चोक पाहा.
3. ओला, तेलकट : टू-स्ट्रोकमध्ये ऑइल जादा. फोर-स्ट्रोकमध्ये रिंगा झिजलेल्या असू शकतात.
4. पांढराफटक, फोड आलेला : इंजिन फार तापते. गाडी तशीच दामटू नका.

गॅप पुस्तकाप्रमाणे ठेवा. जुन्या दुचाकींना बहुधा 0.6 ते 0.7 मिमी लागतो. गॅप वाढला की जुनी कॉइल ठिणगी टाकताना कमी पडते. प्लग इंजिन गार झाल्यावरच काढा, आणि बसवताना आधी हाताने आटे धरा. हेड ॲल्युमिनियमचे असते, आटे गेले की काम वाढते. महागडा इरिडियम प्लग जास्त टिकतो, पण त्याने झिजलेल्या इंजिनात ताकद येत नाही.

इथेनॉलचे काय?

"आपल्याच उसाच्या इथेनॉलने आपलीच गाडी बिघडते काय?" असे सभासद विचारतात. 2025 साली देशात 20 टक्के मिश्रण गाठले गेले. त्यात आपल्या उसाचा वाटा आहे, म्हणून खरे तेच सांगणे आमचे कर्तव्य आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल कमी, हवा जास्त अशी स्थिती होते आणि प्लग पांढरट दिसू शकतो. ॲव्हरेजही थोडे घटते. अशा वेळी प्लगचा नंबर बदलण्याआधी चांगल्या मिस्त्रीकडून कार्बोरेटर जुळवून घ्या. जुन्या रबरी नळ्या तपासा. इथेनॉल पाणी ओढते, म्हणून टाकीत पाणी जाऊ देऊ नका आणि गाडी महिनोन्महिने तशीच उभी ठेवू नका.

उसाचे पान पिवळे पडले की आपण लगेच युरिया टाकत नाही, आधी मुळाशी काय आहे ते बघतो. प्लगही पानासारखाच आहे. तो रोग दाखवतो, रोग दुसरीकडे असतो. तेव्हा पुढच्या वेळी प्लग काढाल तेव्हा पुसण्याआधी त्याचा रंग बघा, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी