पदवीचा मार्ग : आखणी आरंभीच करावी

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील आपल्या अनेक कुटुंबांत मुले दहावीनंतर आयटीआय किंवा पदविका अभ्यासक्रमाकडे वळतात. लवकर रोजगार मिळावा, हा त्यामागील हेतू रास्तच आहे. परंतु चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ यांसारख्या परदेशी कंपन्यांच्या सान्निध्यात वाढलेल्या एखाद्या तरुणाला पुढे आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात पदवी घ्यावीशी वाटते. तेव्हा आधीचे शिक्षण त्या पदवीसाठी मोजले जात नाही, हे उशिरा कळते आणि आईवडिलांनी कष्टाने भरलेले शुल्क व वर्षे वाया जातात.

दोन वर्षे स्थानिक महाविद्यालयात शिकून पुढे विद्यापीठात जाण्याची प्रथा अमेरिकेत रुजली. तेथील जॉलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ साली सुरू झाले. भारतात मद्रास-मैलापूर महाधर्मप्रांताने १९९६ साली कम्युनिटी कॉलेज सुरू केले आणि येशूसंघीय फादर झेवियर अल्फोन्स यांनी ही चळवळ देशभर नेली. मात्र आपल्याकडे तिचा भर गरजूंच्या रोजगारक्षमतेवर राहिला. विद्यापीठाचे दार त्यातून आपोआप उघडत नाही.

आता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार 'अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' अस्तित्वात आली आहे. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, तिच्यात जमा होतात व जास्तीत जास्त सात वर्षे ग्राह्य राहतात. परंतु किमान ५० टक्के श्रेयांक पदवी देणाऱ्या संस्थेतच मिळवावे लागतात. म्हणजे १२० श्रेयांकांच्या पदवीसाठी किमान ६० तेथेच मिळवणे आवश्यक आहे. उरलेल्यांपैकी कोणते मान्य करायचे, हेही तीच संस्था ठरवते.

विषयांची संगतीही महत्त्वाची आहे. पदविकाधारकाला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळू शकतो, कारण दोन्हींचा विषय एक आहे. यंत्र अभियांत्रिकीचे श्रेयांक राज्यशास्त्राच्या पदवीत तसे सामावत नाहीत. जर्मन वा जपानी भाषेचे प्रमाणपत्र नोकरीस उपयोगी पडते. पण तेवढ्याने पदवीचे श्रेयांक मिळतीलच, असे नाही.

म्हणून आखणी शेवटापासून करावी. प्रथम कोणत्या विद्यापीठाची कोणती पदवी हवी, ते निश्चित करावे. तिच्या पहिल्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम मिळवून राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास व भाषा यांपैकी कोणते विषय आवश्यक आहेत, ते पाहावे. नंतर, शुल्क भरण्यापूर्वी, दोन्ही संस्थांना लेखी विचारावे : हे श्रेयांक मान्य होतील काय? उत्तर लेखीच घ्यावे आणि गुणपत्रकांसह अभ्यासक्रमाची प्रतही जपून ठेवावी.

बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, ही प्रभू येशूची शिकवण लूकच्या शुभवर्तमानात (१४:२८) आहे. धर्मग्रामातील शिक्षक व सुशिक्षित बंधुभगिनींनी दहावी-बारावीच्या निकालानंतर अशा कुटुंबांबरोबर तासभर बसून हा हिशेब मांडून दिला, तर ती मोठी सेवा ठरेल.