बंदोबस्ताची कसोटी

शहरात दंगल झाली की आपण एवढेच विचारतो: पोलीस किती होते? लाठी चालली काय? मोर्चे काढण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे माप अपुरे वाटते. पोलिसांची परीक्षा तीनदा घ्यावी: आधी, ऐन वेळी आणि नंतर.

७ जून २०२३ चे कोल्हापूर पाहा. मोबाइलवरील ‘स्टेटस’वरून वाद पेटला, बंदची हाक गेली. शिवाजी चौकात जमाव लोटला. दगडफेक झाली, लाठीमार व अश्रुधूर झाला, इंटरनेट बंद करावे लागले. कायदा सांगतो, बेकायदा जमावास प्रथम पांगण्याचा हुकूम द्यावा. न ऐकल्यास बळ वापरावे. तेव्हा हे जुन्या फौजदारी संहितेचे कलम १२९ होते. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचे कलम १४८ आहे. पण लाठीने जमाव पांगतो, अफवा पांगत नाही.

पुढे १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या वाटेवरील गजापुरात घरांची व मशिदीची मोडतोड झाली. गडावर जाण्याची हाक आधीच जाहीर होती. म्हणजे पूर्वतयारी ती, जी जमाव कोठून जाणार आणि त्या वाटेवर दुबळा कोण, हे आधी हेरते.

बंदच्या दिवशी हमालाची चूल विझते. म्हणून हिशेब आपणच मागावयाचा: खबर केव्हा लागली, कुमक कोठे उभी होती, खटल्यांचे पुढे काय झाले?