‘अस्मानी-सुलतानी’ : एका जोडशब्दाचा अर्थ

गारांनीं बाग झोडपली काय, किंवा भाव एकाएकीं कोसळून हातचें गेलें काय, आपण एका दमांत म्हणतों, “अस्मानी-सुलतानी ओढवली!” परंतु ही दोन निरनिराळ्या शब्दांची जोडी आहे, व त्यांतील भेद विसरणें शेतकऱ्याच्या हिताचें नाहीं.

अस्मान म्हणजे आकाश. हा शब्द फारशी. अवर्षण, अतिवृष्टि, गारपीट, टोळधाड हीं अस्मानी संकटें होत. सुलतान म्हणजे राज्यकर्ता. हा शब्द अरबी. परचक्र, लूट, जुलमी सारा हीं सुलतानी. जुन्या महसुली करारांत हे शब्द केवळ अलंकार म्हणून येत नसत. साऱ्याचा ऐवज कबूल करतांना या दोन्ही आपत्तींचा अपवाद राखण्याकडे त्यांचा उपयोग होई.

हा भेद इतिहासांतही स्पष्ट दिसतो. १८६५ सालीं अमेरिकेंतील यादवी युद्ध संपलें व इकडे कापसाचे भाव उतरले. पुढें पुणें जिल्ह्यांत फेरआकारणीनें सारा वाढला, आणि सावकारानें हात आखडला. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें शेतकऱ्यांचा दंगा होऊन सावकारांचे रोखे जाळण्यांत आले. हा घाला आभाळांतून आला नव्हता. म्हणून १८७९ सालीं कायदा करून रोख्यामागील हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयास द्यावा लागला. उलट, १८७६ सालीं पाऊस न पडून जो दुष्काळ आला तो अस्मानी.

आजही हाच विवेक पाहिजे. अस्मानीची दाद पंचनाम्यानें लागते. यास्तव सातबाऱ्यावर उभ्या पिकाची नोंद असावी, नुकसान होतांच गांवच्या महसूल अधिकाऱ्यास (म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यास) लेखी कळवावें, व अर्जाची पोंच जपून ठेवावी. परंतु डिसेंबर २०२३ मध्यें कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे २०२४ मध्यें उठली. त्या अवधींत भाव पडून ज्याचें नुकसान झालें, त्यानें कोणत्या शेताचा पंचनामा मागावा? ही सुलतानी होय. येथें एकट्याचा अर्ज फारसा चालत नाहीं. विक्रीच्या पावत्या जमवून संस्थेमार्फत सर्वांनीं मिळून दाद मागावी लागते.

आभाळाकडे पाहून हात जोडावे हें खरें. पण जें संकट हुकमानें आलें त्यालाही अस्मानी म्हणून स्वस्थ बसणें, म्हणजे आपला हक्क आपणच सोडून देणें होय.